रोहिणी ते भीमा: आशा कुणी सोडायची?

दौंड जंक्शनला पुण्याकडून, सोलापूरकडून आणि नगर-मनमाडकडून रूळ येऊन मिळतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची मंडळी महाराष्ट्र एक्स्प्रेसने याच स्टेशनावरून नागपूरला दीक्षाभूमीकडे जातात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोलापूरकडच्या गाड्या चैत्यभूमीला निघालेल्या माणसांनी भरून येतात. महिना संपता संपता पुन्हा गर्दी होते, ती भीमा कोरेगावची. अभ्यासकांच्या पुस्तकांत या सगळ्याला ‘एंगेज्ड बुद्धिझम’ म्हणतात. आपण समाजाभिमुख धम्म म्हणू. गाडीत बसलेल्यांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. त्यांचा धम्म समाजापासून वेगळा कधी नव्हताच, त्यामुळे त्याला आणखी एक विशेषण लावायची गरज त्यांना पडली नाही.

या प्रवाहात जगभर पाच-सहा दशके एक चर्चा चालू आहे. अन्यायाविरुद्ध काम करणाऱ्या माणसाने आशा धरावी की सोडावी? फळाची अपेक्षा सोडून काम करता येते का? आणि सगळे सगळ्याशी जोडलेले आहे, हे एकदा पटले की त्यातून नेमके काय करायचे? या चर्चेतली बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत आणि तिची उदाहरणे व्हिएतनाम, श्रीलंका, अमेरिका इथली आहेत. त्यांचा आढावा घ्यायला हवाच. पण जगातल्या सर्वांत मोठ्या समाजाभिमुख बौद्ध चळवळींपैकी एक आपल्या दारात आहे, आणि या तिन्ही प्रश्नांना तिने दिलेली उत्तरे वेगळी आहेत. माझ्या मते ती अधिक खरी आहेत.

आधी बाहेरचे पाहू. ‘एंगेज्ड बुद्धिझम’ हे नाव रूढ झाले ते थिच न्हात हान्ह या व्हिएतनामी भिक्खूंमुळे. युद्ध पेटलेले असताना त्यांनी १९६०च्या दशकात तरुणांची समाजसेवा शाळा काढली. विहारात बसून ध्यान करायचे की बाँब पडलेल्या गावात जायचे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते: दोन्ही. उत्तर-दक्षिण सीमेजवळचे एक गाव या शाळेच्या स्वयंसेवकांनी बाँबहल्ल्यानंतर पुन्हा उभे केले. त्यावर पुन्हा बाँब पडले, त्यांनी ते पुन्हा बांधले, आणि हे अनेकदा झाले. युद्ध संपण्याची काही आशा आहे का, असे तरुण त्यांना विचारत. सगळेच अनित्य आहे, तेव्हा युद्धही संपेल, एवढेच ते सांगू शकत. बांधकाम थांबवले असते तर ती तरुण मुले निराशेने खचली असती, हे त्यांना दिसत होते. १९६६ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या संघाचे नावच परस्परांत असण्याच्या कल्पनेवरून आले आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्ये शांततेच्या नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले होते. २०२२ च्या जानेवारीत ते ह्युए इथल्या आपल्या मूळ विहारात वारले.

श्रीलंकेतले ए. टी. आरियरत्ने आपल्याला जास्त जवळचे वाटावेत असे आहेत. कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयातले हे शिक्षक १९५८ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुवा या गावी श्रमदानाला गेले. ते गाव होते रोडिया जातीचे, म्हणजे सिंहली समाजाने अस्पृश्य मानलेल्यांचे. बौद्ध देशातही अस्पृश्यता होती, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून मुद्दाम सांगितले. त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ वाढली. आरियरत्नेंवर गांधी-विनोबांचा प्रभाव होता, पण त्यांनी एक गोष्ट विनोबांच्या पुढे जाऊन केली: चार आर्यसत्ये गावाला लावली. पहिले सत्य, गाव खालावले आहे. दुसरे, त्याला कारणे आहेत. तिसरे, गाव पुन्हा जागे होईल अशी आशा आहे. चौथे, त्याचा मार्ग आहे. निर्वाणाच्या जागी आशा बसवणे ही साधी गोष्ट नाही, आणि याच मुद्द्यावर आंबेडकर त्यांच्या आधी पोहोचले होते. त्याकडे पुढे येऊच.

अमेरिकेत ही चर्चा वेगळ्या वाटेने गेली. जोआना मेसी यांनी सर्वोदय चळवळीजवळ राहून तिच्यावर १९८० च्या दशकात पुस्तक लिहिले. पुढे अणुयुद्ध आणि पर्यावरणाच्या संकटाने हबकलेल्या कार्यकर्त्यांसाठी त्यांनी कार्यशाळांचे एक मोठे काम उभे केले. ‘सक्रिय आशा’ ही त्यांची कल्पना. आशा ही मनात असलेली भावना नसून हातांनी करायची कृती आहे, यशाची शक्यता किती हे मोजत न बसता ती करायची, असे त्यांचे म्हणणे. पेमा चोड्रॉन या तिबेटी परंपरेतल्या भिक्खुणी आणखी पुढे जातात. त्यांच्या मते आशा आणि भीती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, तेव्हा आशाही सोडून द्यावी. तिबेटी मनशिक्षणाच्या जुन्या सूत्रांतही फळाची आणि कौतुकाची वाट न पाहण्याची शिकवण आहे.

हे सगळे वाचताना एक प्रश्न मनात घर करतो. आशा सोड, असे कुणाला सांगितले जाते आहे? यातला वाचक बहुधा शिकलेला, पोटाची ददात नसलेला, जगाच्या काळजीने थकलेला कार्यकर्ता असतो. त्याच्या थकव्यावर हे औषध लागू पडते, याबद्दल शंका नाही. पण येसकरकीची पाळी करणाऱ्या, गावकीची सगळी कामे करून भाकरी मागत फिरणाऱ्या माणसाला कुणी सांगितले की बाबा, फळाची अपेक्षा सोड, तर तो म्हणेल की ती तर आमच्याकडून कित्येक पिढ्या सोडवूनच घेतली आहे.

महाराष्ट्रात या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. महार वतन म्हणजे हलक्या इनामी जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात सरकारला आणि गावाला चोवीस तास बांधलेले राबणे. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. ते तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ चा, म्हणजे तीस वर्षांनी आणि बाबासाहेब गेल्यानंतर. फळाची अपेक्षा न ठेवता कर्म करण्याचा उपदेश आपल्याकडे गीतेच्या नावाने घरोघरी पोहोचला. टिळकांनी ‘गीतारहस्या’त त्याला कर्मयोगाची धार दिली. आंबेडकरांनी मात्र गीतेवरच्या आपल्या लेखनात ती प्रतिक्रांतीचे तात्त्विक समर्थन करते, असे ठामपणे मांडले. कर्म जर जातीने ठरवून दिलेले असेल, तर त्याचे फळ मागू नकोस असे सांगणे हे शोषणाला दिलेले आध्यात्मिक संरक्षण ठरते. म्हणूनच समाजाभिमुख धम्मातले ‘अपेक्षा सोडणे’ आणि गीतेतले ‘फळाची इच्छा सोडणे’ हे एकच, असे मराठी व्याख्यानांतून सर्रास सांगतात तेव्हा चुकचुकल्यासारखे होते. कोण सोडतो आणि कुणाच्या फायद्यासाठी, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

आंबेडकरांनी आशेचा प्रश्न अगदी तोंडावर विचारला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच त्यांनी चार आर्यसत्यांबद्दल शंका काढली. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, असे म्हटल्यावर माणसाला आशा उरते कुठे? ही सत्ये म्हणजे बुद्धाच्या धम्माला निराशावादी करून टाकणारी अडचण आहे, ती बुद्धाची मूळ शिकवण आहे की भिक्खूंनी नंतर घातलेली भर, असे त्यांनी विचारले. मागच्या जन्मीचे कर्म या जन्मीची जात ठरवते, हेही त्यांनी नाकारले. धर्म जगाचा उगम सांगत बसतो आणि धम्म जगाची फेरमांडणी करतो, असा फरक त्यांनी केला. परंपरागत बौद्ध विद्वानांनी यावर कडाडून टीका केली, आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर ती समजण्यासारखी आहे. आर्यसत्ये काढून घेतली तर थेरवादाचा पायाच हलतो. पण आंबेडकरांसमोर थेरवाद वाचवण्याचे काम नव्हते. ज्यांच्या वाट्याला निराशा जन्मतःच आली होती, त्यांना ती तत्त्वज्ञान म्हणून पुन्हा देण्यात त्यांना अर्थ दिसत नव्हता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. दोन दिवसांनी चंद्रपूर. ६ डिसेंबरला, म्हणजे त्रेपन्नाव्या दिवशी, बाबासाहेब गेले. कुठलीही चळवळ यानंतर विझली असती, असे म्हणायला जागा आहे. तसे झाले नाही. ७ डिसेंबरला दादरला अंत्ययात्रेनंतर तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड समुदायाला दीक्षा दिली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते. १९६१ मध्ये ते जवळपास २८ लाख झाले. २०११ मध्ये ६५ लाखांच्या वर, राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८ टक्के, आणि देशातल्या दर चार बौद्धांतले तीन महाराष्ट्रातले.

या आकड्यांमागे एक गोष्ट दडली आहे, ती अपेक्षा सोडण्याच्या चर्चेत कुणी आणत नाही. धर्म बदलल्यावर केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या. राज्याने त्या लवकर दिल्या, पण केंद्रात त्या मिळायला १९९० उजाडले, विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात. तीस-पस्तीस वर्षे नोकरी, शिष्यवृत्ती, राखीव जागा यांचे नुकसान सोसून माणसे जनगणनेत आपला धर्म बौद्धच लिहीत राहिली. काहींनी कागदावर जुनी जात ठेवली, तेही खरे, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही. पण ज्यांनी लिहिले, त्यांनी सवलतीवर पाणी सोडले आणि हक्काची मागणी मात्र सोडली नाही; ती त्या सगळ्या वर्षांत मोर्चांतून, निवेदनांतून चालूच होती. फळ सोडणे आणि दावा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या समाजाने व्याख्यानाविना करून दाखवले. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचेही तसेच: विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरे जळली, माणसे मेली. कुणी तारखेवर भिस्त ठेवली असती तर पहिल्याच वर्षी हातपाय गाळले असते.

आता मला ज्या प्रकरणापाशी जास्त थांबायचे आहे ते येते. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून, असे आपण शाळेत शिकलो. आंबेडकरांना ते पटले नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नसेल, हे कुणाला खरे वाटेल? त्यांनी दुसरे कारण मांडले, आणि ते त्यांच्याआधी मराठीत धर्मानंद कोसंबींनी मांडले होते: रोहिणी नदीच्या पाण्याचा शाक्य आणि कोलीय यांच्यातला तंटा.

कोसंबींबद्दल इथे दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस बुद्धाच्या शोधात नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत गेला, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, मिठाच्या सत्याग्रहात उतरला, आणि मुंबईत परळला कामगारवस्तीत त्याने बहुजन विहार काढला. समाजाभिमुख धम्म हे नाव जगात रूढ होण्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी त्यांनी तो जगून दाखवला. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडून देह ठेवला. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना दिलेली जागा त्यांच्या कामाच्या मानाने फारच थोडी आहे.

तर रोहिणी. दोन्ही गणराज्ये त्याच नदीच्या पाण्यावर शेती करत. पहिले पाणी कुणाचे, यावरून दोन्हीकडच्या चाकरांत मारामारी झाली आणि ती युद्धापर्यंत आली. आंबेडकरांच्या ग्रंथात सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद आहे. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो, सिद्धार्थ विरोध करतो, दोन्हीकडच्या चुका तपासायला पंच नेमा म्हणतो. मतदानात तो हरतो. सैन्यात यायला नकार दिला तर कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालू, जमीन जप्त करू, अशी धमकी संघ देतो. हे वाचताना कपिलवस्तू विसरून आपली गावे डोळ्यांसमोर येतात; बहिष्कार आणि जमीन हीच गावाची हत्यारे होती, आणि महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ मध्ये करावा लागला. घरच्यांना शिक्षा नको म्हणून सिद्धार्थ परिव्रज्या पत्करतो आणि देश सोडतो.

पुढचा भाग फार थोडे लोक लक्षात ठेवतात. राजगृहाला पाच परिव्राजक त्याला भेटून बातमी देतात: युद्धाविरुद्ध लोकांनी चळवळ केली, शाक्य आणि कोलीय यांच्यात समेट झाला, आता तू घरी जा. त्याला हवे होते तेच घडले होते, पण त्याच्यावाचून, आणि त्याचे श्रेय त्याला मिळणार नव्हते. तो आनंदला आणि परत गेला नाही. युद्ध कधीतरी होते. माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला संघर्ष रोजचा आहे, आणि दुःखाचे मूळ तिथे आहे, हे त्याच्या ध्यानात आले. मतदान हरल्यावरही भूमिका सोडायची नाही, यशाचे श्रेय आपल्याकडे आले नाही तरी हिरमुसायचे नाही, आणि एक प्रश्न सुटला म्हणून थांबायचे नाही. अपेक्षा सोडण्याची याहून नेमकी शिकवण पाश्चात्त्य पुस्तकांत मला सापडली नाही. पाली परंपरेतल्या कथेत बुद्ध पुढे याच तंट्यात मध्यस्थी करतो आणि दोन्ही राजांना विचारतो, पाण्याची किंमत जास्त की माणसांच्या रक्ताची. तो प्रश्नही लाखमोलाचा आहे, पण तो बुद्ध झाल्यावर विचारलेला. आंबेडकरांचा सिद्धार्थ अजून साधा सभासद आहे, हरलेला, म्हणून तो कार्यकर्त्याला जास्त कामाचा.

नदीवरून आता तिसऱ्या प्रश्नाकडे, परस्परसंबंधाकडे वळता येईल. सगळे सगळ्याशी जोडलेले आहे, या वाक्यावर समाजाभिमुख धम्मात कुणाचाही वाद नाही. पटिच्चसमुप्पादापासून पर्यावरणापर्यंत ते सगळ्यांना पुरते. माझा आक्षेप एवढाच की जोडलेले असणे ही आपोआप चांगली गोष्ट नाही. आपले जुने गाव पूर्णपणे जोडलेलेच होते. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, एकावाचून दुसऱ्याचे अडत होते. आंबेडकरांनी १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये घटना समितीत या गावाबद्दल जे कठोर शब्द काढले, ते गाव तुटके होते म्हणून नव्हे. त्यातल्या जोडणीची उतरंड त्यांना ठाऊक होती. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी बंधुतेची जी कल्पना मांडली, तिच्यात समाजाच्या एका भागातला अनुभव दुसऱ्यात सहज झिरपला पाहिजे, अशी अट आहे. त्याला ते पुढे मैत्री म्हणतात. समतेवाचून परस्परावलंबन म्हणजे बलुतेदारीच.

दौंड आणि शिरूर तालुक्यांत ही जोडणी पाण्यात वाचता येते. टेमघर, पानशेत, वरसगाव आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. ते आधी पुणे शहर पिते, उरलेले मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरला येते. शहर वाढले तशी त्याची तहान मंजूर कोट्यापलीकडे गेली आणि आवर्तनाच्या तारखा हा दौंड-इंदापूरच्या राजकारणाचा मुख्य विषय झाला. शहराने वापरलेले पाणी मुळा-मुठेतून वाहत वाळकी आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. दौंड शहर भीमेच्या काठावर वसले आहे आणि पिण्याचे पाणी मात्र कालव्याचे साठवून घेते. पुढे हीच नदी उजनीत थांबते आणि पंढरपूरला चंद्रभागा होते. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करून पुढे जाते तेव्हा तिच्यातला पुणेकर वारकरी ज्या पाण्यात स्नान करायला निघालेला असतो, त्यात त्याच्या घरचे सांडपाणी त्याच्या आधीच पोहोचलेले असते. परस्परसंबंध म्हणतात तो असा.

कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. पाटस, आलेगाव, शिरूरकडे न्हावरे इथे कारखाने आले, राहू-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळे आली. ऊस तोडायला बीड-नगरकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाणारी, कोपीत राहणारी माणसे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये राज्याला करावी लागली. चहात साखर घालणारा माणूस, धरण, कालवा, कारखाना, उचल आणि शस्त्रक्रिया हे एकाच साखळीत आहेत. ही साखळी समजावून सांगायला ध्यानाची कार्यशाळा लागत नाही. लागते ती तिच्यात कुणाला किती मिळते हे विचारण्याची तयारी.

ती तयारी शेजारच्या पुरंदर तालुक्यात एकदा झाली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने नायगावला माळरानावर पाणी अडवण्याचे प्रयोग सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे आणि कडक होते. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल. ऊस लावायचा नाही. साळुंखे काही बौद्ध प्रचारक नव्हते, पण रोहिणीच्या तंट्यावर याहून चांगला निवाडा मराठी मुलुखात कुणी दिला नाही. पुढे आटपाडीकडे श्रमिक मुक्ती दलाने समन्यायी पाणीवाटपाचा लढा चालवला. त्याच्या मागे डॉ. भारत पाटणकरांबरोबर गेल ऑम्व्हेट होत्या, ज्यांनी २००३ मध्ये भारतातल्या बौद्ध धम्मावर महत्त्वाचा ग्रंथ लिहिला आणि आयुष्य कासेगावात काढले. धम्माचा अभ्यास आणि पाण्याचा लढा एकाच घरात नांदल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

भीमा कोरेगावचा उल्लेख टाळून या तालुक्यांत आशेवर लिहिता येणार नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती शिरूरच्या छावणीतून. लढाई कोरेगावला झाली, स्तंभ पलीकडे हवेली तालुक्यात पेरणे गावाच्या हद्दीत आहे. १ जानेवारी १९२७ ला आंबेडकर तिथे गेले आणि इंग्रजांच्या विजयाचा स्तंभ महारांच्या स्वाभिमानाची जागा झाला. इतिहासाच्या कसोटीवर पेशवाईविरुद्धचे जातियुद्ध म्हणून ही लढाई वाचणे अपुरे आहे. कंपनीच्या फौजेत नोकरी करणाऱ्या शिपायांची ती लढाई होती. पण शंभर-सव्वाशे वर्षांनी नामोहरम झालेल्या लोकांनी दगडावर कोरलेल्या नावांत आपली माणसे शोधली आणि त्यांतून मान वर केली, हे इतिहासाइतकेच खरे आहे. १ जानेवारी २०१८ ला तिथे दगडफेक, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या चौकशी आयोगाला चार महिन्यांची मुदत होती. तिला वर्षानुवर्षे मुदतवाढ मिळत गेली. पुढच्या वर्षी माणसे पुन्हा लाखांनी आली. आयोगाच्या अहवालाची वाट पाहत कुणी घरी बसले नाही. मात्र ज्या गावांतून ती वाट जाते, तिथल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांत मैत्रीचे काम किती झाले, हा प्रश्न गर्दीच्या आकड्याने सुटत नाही. एक दिवसाची लाखोंची उपस्थिती सोपी आहे. उरलेल्या ३६४ दिवसांचा शेजार अवघड.

चळवळीच्या संस्थांकडे पाहिले तर चित्र संमिश्र आहे. आंबेडकरांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा बौद्धाचार्य तयार करते, श्रामणेर शिबिरे घेते. वर्षावासात, आषाढी ते आश्विनी पौर्णिमेपर्यंत, गावोगावच्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो आणि ऐकणाऱ्यांत बायका जास्त असतात. माझ्या मते महाराष्ट्रातले हे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी दखल घेतलेले प्रौढशिक्षण आहे. पुण्यात लोकमित्र हे इंग्रज कार्यकर्ते १९७७-७८ मध्ये आले, योग शिकायला म्हणून, आणि इथेच राहिले. त्यांच्या आणि त्यांचे गुरू संघरक्षित यांच्या प्रेरणेने त्रैलोक्य बौद्ध महासंघ उभा राहिला. दापोडीचा विहार, भाज्याचे शिबिर केंद्र, बहुजन हिताय या संस्थेची वसतिगृहे ही त्याची कामे. ब्रिटनमध्ये करुणा ट्रस्टचे कार्यकर्ते घरोघर फिरून त्यासाठी पैसे जमवत. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रानेही असंख्य बौद्धांना ओढून घेतले. त्यावर आंबेडकरी कार्यकर्ते विचारतात की डोळे मिटून बसल्याने जात जाते का? प्रश्न रास्त आहे. पण डोळे उघडे ठेवून भाषणे ऐकत राहिल्यानेही ती गेलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

धर्म बदलणे हे सामाजिक कृत्य असते, हे दौंड तालुक्याला आंबेडकरांच्याही आधी ठाऊक झाले होते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुली-बायका गोळा केल्या आणि केडगावला मुक्ती मिशन वसवले. त्यांचा मार्ग ख्रिस्ताचा होता, पण त्या बायकांना आशा सोडा असे त्यांनीही सांगितले नाही. छापखाना, शेती, विणकाम शिकवले.

आंबेडकरी चळवळीविरुद्ध माझी तक्रार आशेच्याच बाबतीत आहे. तिची आशा पुतळा, नामकरण, उमेदवारी आणि गर्दी यांत फार अडकली. यातली प्रत्येक गोष्ट मिळवण्यासारखी होती. तिच्यासाठी माणसांनी जीव दिले, त्याचे मोल कमी नाही. पण कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांत धम्माचा कार्यकर्ता क्वचित दिसतो, आणि पाण्याच्या वाटपाच्या बैठकीत तर दिसतच नाही. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने स्थापन होणाऱ्या पाणी वापर संस्थांचे सभासद होतात ते लाभक्षेत्रातले जमीनधारक आणि वहिवाटदार. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला कालव्याच्या पाण्यावर मत नाही. दौंड-शिरूरच्या बौद्ध वस्त्यांतली किती घरे या व्याख्येत बसतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल. शाक्य संघात सिद्धार्थाला निदान मतदानाचा हक्क तरी होता.

रोहिणीचे प्रकरण ग्रंथात अगदी सुरुवातीला येते, त्यामुळे वर्षावासाच्या पहिल्याच आठवड्यांत ते वाचून होते. यंदा ते वाचले गेले की विहारातल्या मंडळींनी एवढे करावे: आपल्या गावच्या पाणी वापर संस्थेचे सभासदांचे रजिस्टर बघायला मागावे, आणि त्यात आपल्या वस्तीतली किती नावे आहेत ते मोजून पुढच्या सभेत लेखी विचारावे.